दीवच्या संग्रहालयातले संत आणि आमची वसई

७ डिसेंबर : घोघल्याचा पूल ओलांडून

वांद्र्याहून सौराष्ट्र जनता एक्सप्रेसने वेरावळ आणि पुढे कोडीनार, ऊना करत नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. प्रवास लांबचा आहे, पण त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. वेरावळहून ऊन्याला एसटी मिळते. आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेल्या मावशी होत्या, म्हणून आम्ही सरळ गाडी केली.

मावशी म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई. जन्म वसईचा, लग्नही वसईतच. पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चुकवायची नाही आणि बाजारातून मासळी स्वतः पारखल्याशिवाय आणायची नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी आयुष्यभर पाळल्या. दीवची सहल ठरली ती त्यांच्याचमुळे. ८ डिसेंबरला निष्कलंक मातेचा सण असतो आणि त्या दिवशी दीवच्या सेंट पॉल चर्चमध्ये मिस्सेला बसायचं, असं त्यांच्या मनात कधीचं होतं. माझ्या मनात दुसरंच काही होतं. वसईच्या किल्ल्यात मी लहानपणापासून फिरते आहे. तिथल्या चर्चच्या छप्पर उडालेल्या भिंती, त्यांवर चढलेले वड-पिंपळ आणि जमिनीतले थडग्यांचे दगड मला तोंडपाठ आहेत. पण त्या भिंतींच्या आत एके काळी काय होतं, याचं चित्र कधी डोळ्यांसमोर उभं राहत नसे. दीवमध्ये एका जुन्या चर्चमध्येच छोटं संग्रहालय केलंय आणि त्यात जुन्या लाकडी मूर्ती ठेवल्यात, हे कळल्यापासून मला तिथे जायचंच होतं.

ऊना मागे पडल्यावर हवा बदलते. मिठाचा आणि सुकत्या मासळीचा वास येऊ लागतो. घोघला हे गाव मुख्य भूमीवर आहे, पण ते दीवमध्येच मोडतं. तिथून पूल ओलांडला की बेट. गुजरातमध्ये दारूबंदी आणि दीवमध्ये नाही, त्यामुळे हद्दीवर तपासणी असते. येताना कोणी विचारत नाही, परतताना मात्र सामान उघडून बघतात. दीवमधून बाटली घेऊन निघायचा विचार कोणी करत असेल, तर तो इथेच सोडावा.

बेट सुमारे ११ किलोमीटर लांब आणि शहर त्याच्या पूर्व टोकाला. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर फिरलो. समोर खाडीच्या पाण्यात उभा असलेला पाणीकोठा, म्हणजे पोर्तुगीजांचा छोटा जलदुर्ग, दिवे लागल्यावर पिवळा दिसत होता. वारा एवढा की मावशींनी पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचला. डिसेंबरमध्ये दुपारी ऊन लागतं आणि संध्याकाळी गार वारा सुटतो, तेव्हा एखादी शाल जवळ असू द्या.

रात्रीच्या जेवणाचं मावशींनी मनावर घेतलं. दीवमधली बरीच लहान हॉटेलं आणि गेस्ट हाऊसवाले तुम्ही बाजारातून आणलेली मासळी शिजवून देतात. मावशींनी बाजारात पापलेटचा कल्ला उघडून पाहिला, पोटावर अंगठा दाबला, भाव ऐकून चार पावलं पुढे गेल्या आणि परत बोलावणं आल्यावर मागे वळल्या. विकणारी बाई गुजरातीत बोलत होती, मावशी मराठीत. व्यवहारात कुणाचंही कुठे अडलं नाही. त्या रात्रीचं तिखट-मीठ लावून भाजलेलं पापलेट आणि बाजरीचा रोटला, एवढं जेवण पुढच्या सगळ्या जेवणांना पुरून उरलं.

८ डिसेंबर : मिस्सा आणि सेंट थॉमस

सकाळी सेंट पॉल. हे चर्च बांधायला १६०१ मध्ये सुरुवात झाली आणि १६१० मध्ये ते पूर्ण झालं. जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाचं काम. दर्शनी भिंतीवर शिंपले, वेली, महिरपी यांचं एवढं कोरीव काम आहे की नजर कुठे ठेवावी कळत नाही. आत गेल्यावर काळपट लाकडाचं कोरीव काम छतापर्यंत चढत जातं. वसईच्या भग्न चर्चमध्ये वेदीच्या जागी फक्त रिकामी कमान दिसते. त्या कमानीत एके काळी असं लाकूडकाम असणार, हे मला इथे पहिल्यांदा समजलं आणि मिस्सा चालू असताना मी तेच बघत बसले.

माणसं फार नव्हती. दीवचा ख्रिस्ती समाज आता लहान उरलाय. मिस्सा संपल्यावर मावशींच्या शेजारी बसलेल्या एक आजी बोलायला लागल्या. हिंदी, मध्येच गुजराती. मुलगा, सून, नातवंडं सगळी पोर्तुगालला. दीव १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होतं आणि त्या काळात इथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांतली माणसं लिस्बनला नाही तर इंग्लंडला गेलीत. यात हिंदू कुटुंबंही पुष्कळ आहेत. त्याआधीच्या पिढ्या मोझांबिकला जात. दीवच्या विणकरांचं कापड तिकडे जायचं आणि तिकडून हस्तिदंत यायचं. आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी घरात दीवची जुनी पोर्तुगीज बोलत. आता ती बोलायला फक्त बहीण उरली आहे, तीही फोनवर.

"मग तुम्ही का नाही गेलात?" मावशींनी विचारलं.

"इधर का घर कौन देखेगा?" आजी म्हणाल्या आणि उठल्या.

तिथून सेंट थॉमस चालत पाच-सात मिनिटांवर. १५९८ सालचं चर्च. थोड्या चढावर, पांढरं, दोन बाजूंना उंच मनोरे. नेहमीची उपासना बंद होऊन बराच काळ लोटला, आता हेच दीवचं संग्रहालय. फक्त १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, इथे मिस्सा होते. एरवी दार उघडलं की आत थंडावा, उंच छत, पांढऱ्या भिंती आणि भिंतीच्या कडेने उभे असलेले संत.

पहिल्या नजरेत माझ्या अंगावर काटा आला, हे खरं आहे. माणसाच्या उंचीच्या आसपासच्या लाकडी मूर्ती, रंग उडालेला, डोळे मात्र शाबूत. एकाचा हात खांद्यापासून गेलेला, दुसऱ्याची बोटं नाहीत. कुणाच्या झग्यावर सोनेरी वर्खाची एक रेघ अजून चमकते आहे. बाहेर किल्ल्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग होती, इथे आम्ही तिघीच. दारापाशी खुर्चीवर बसलेले पहारेकरी काका म्हणाले, "आवो बेन, शांतिथी जोजो."

आम्ही खरोखरच शांतपणे पाहिलं. एका मूर्तीच्या गालावरचा रंगाचा पोपडा निघालाय, तिथे मी बराच वेळ थांबले. वर त्वचेचा गुलाबी रंग, त्याखाली पांढऱ्या खडूचा जाड थर आणि त्याच्याखाली लाकूड, त्यात किड्यांनी पाडलेली टाचणीएवढी भोकं. अशा मूर्ती करताना लाकूड कोरून झालं की त्यावर सरस आणि खडूचा लेप देत, तो घासून गुळगुळीत करत आणि मग रंग चढवत. दोन बोटांच्या त्या जागेत कारागिराची सगळी रीत उघडी पडली होती. काचेआड ठेवलेल्या मूर्तीत हे दिसलं नसतं.

हात आधी का जातात, तेही इथे कळतं. हात वेगळे कोरून खुंटीने जोडलेले असतात. दमट हवेत खुंटी सैल होते, हात गळतो आणि हाताबरोबर हातातली वस्तूही जाते. इथे मावशी पुढे आल्या. संग्रहालयात माहितीच्या पाट्या अगदी त्रोटक आहेत. बहुतेक लोक 'जुन्या मूर्ती' म्हणून फोटो काढतात आणि निघतात. मावशींना पाटी लागत नाही.

"किल्ल्या असल्या की पीटर. तलवार असली तर पॉल. अंगात बाण रुतलेले दिसले की सेबॅस्टियन. मांडीवर जखम आणि पायाशी कुत्रा, तो रॉक, प्लेगच्या साथीत लोक त्याच्याकडे जात. कडेवर बाळ येशू, हातात लिलीचं फूल, तो अंतोनी. थाळीत दोन डोळे घेऊन उभी असते ती लुसी."

"आणि ज्याला हातच नाही तो?"

"त्याचे कपडे बघायचे. कमरेला दोरीची गाठ म्हणजे फ्रान्सिस्कन संघाचा. काळा झगा असला तर जेझुइट असू शकतो. तेही नसलं, तर आपण नुसतं नमस्कार करायचा."

त्या एकेका मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. काही ओळखल्या, काहींसमोर नुसत्या थांबल्या. वसईतल्या जुन्या मिरवणुकीतल्या मूर्तींबद्दल त्या सांगत होत्या. काही मूर्तींचा फक्त चेहरा आणि हात कोरलेले असत, खाली लाकडी सांगाडा, त्यावर सणाला नवे कपडे चढवायचे. म्हणजे आपल्याकडे गौरी उभ्या करतात तशाच. मुखवटा तोच, साडी दर वर्षी नवी.

मग मावशी फ्रान्सिस्कन झग्यातली एखादी तरुण मूर्ती शोधायला लागल्या. मला लगेच कळलं नाही. त्यांना गोन्सालो गार्सिया हवा होता. वसईत जन्मलेला आणि जपानमध्ये नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रूसावर चढवलेला संत. त्याला संतपद मिळालं १८६२ मध्ये, पण 'धन्य' म्हणून मान्यता १६२७ मध्येच मिळाली होती. सेंट थॉमस चर्च उभं राहिलं १५९८ मध्ये, म्हणजे गोन्सालो गेल्याच्या पुढच्या वर्षी. ज्या लोकांनी हे चर्च बांधलं, त्यांना वसईच्या त्या मुलाची बातमी कधी तरी समुद्रावरूनच पोचली असणार. वसई आणि दीव एकाच समुद्रमार्गावरची ठाणी, जहाजं एकीकडून दुसरीकडे सारखी जायची.

गोन्सालो नक्की सापडला असं म्हणता येणार नाही. एका मूर्तीचा झगा तसा होता, पण हात दोन्ही गेलेले. मावशींनी त्याच्या पायाला स्पर्श न करता, हवेतच हात नेऊन कपाळाला लावला.

मूर्तींखेरीज इथे कोरीव दगड आहेत, पोर्तुगीज शिलालेख आहेत, सावलीचं घड्याळ आहे. थडग्यांचे दगड मला ओळखीचे वाटले. वसईतही असेच आहेत. मेलेल्या माणसाचं नाव, हुद्दा आणि ही जागा त्याची व त्याच्या वारसांची, असा मजकूर. वारस कुठे गेले कोण जाणे, जागा दगडावर लिहिलेली राहिली.

मला त्या दुपारी एक गोष्ट लख्ख दिसली आणि मी पुढचे दिवस तीच घेऊन फिरले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. भीमाशंकरची, मेणवलीची घंटा आपल्यापैकी अनेकांनी वाजवलीही असेल. वसईत राहिल्या त्या भिंती. दीवमध्ये मात्र पोर्तुगीज १९६१ पर्यंत राहिले, त्यामुळे इथे आतलं सामान टिकलं. वसईच्या रिकाम्या कोनाड्यांत काय उभं असायचं, हे पाहायचं असेल तर दीवला यायला हवं. मुंबई-ठाण्याकडच्या प्रत्येक इतिहासप्रेमी माणसाने ही दोन ठिकाणं जोडीनेच पाहिली पाहिजेत, असं माझं ठाम मत झालंय.

इथे जाणाऱ्यांनी एवढं करावं. सकाळी जा, खिडक्यांतून येणारा उजेड तेव्हा चांगला असतो. उघडण्या-मिटण्याच्या वेळा गेस्ट हाऊसवर आधी विचारून घ्या. फोटोची परवानगी दारावरच विचारा आणि फ्लॅश वापरू नका. मूर्तींना हात लावू नका, रंगाचे पोपडे नुसत्या धक्क्यानेही सुटतात. आणि दहा मिनिटांत बाहेर पडू नका.

९ डिसेंबर : किल्ला, आणि खुकरीचा दिवस

सकाळी गरम गाठिया, कच्च्या पपईचा संभारो, तळलेल्या मिरच्या आणि आले घातलेला चहा. सौराष्ट्रात नाश्त्याला दुसरं काही मागू नये.

किल्ला प्रचंड आहे. तीन बाजूंना समुद्र, जमिनीच्या बाजूने खंदक. फिरायला तीन तास तरी हवेत, सोबत पाणी आणि डोक्यावर टोपी हवीच, सावली जवळजवळ नाही. तटावर चढायला ओबडधोबड पायऱ्या आहेत, चपला घसरत्या नकोत. मावशी दीपस्तंभाच्या अलीकडे एका कमानीत सावलीला बसल्या आणि आम्ही दोघी वर गेलो.

या किल्ल्याची गोष्ट मराठी माणसाला परकी नाही, कारण ती आपल्याच किनाऱ्यावर सुरू होते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या धास्तीत होता. पोर्तुगीजांची मदत हवी म्हणून त्याने आधी डिसेंबर १५३४ च्या तहात वसई आणि मुंबईची बेटं देऊन टाकली आणि पुढच्या वर्षी, १५३५ मध्ये, दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. नुनो द कुन्या तेव्हा पोर्तुगीज गव्हर्नर होता. हुमायून परत गेल्यावर बहादूरशहाला पश्चात्ताप झाला असेल, पण उशीर झाला होता. १५३७ मध्ये पोर्तुगीजांशी बोलणी करायला तो त्यांच्या जहाजावर गेला आणि परतताना इथल्याच पाण्यात मारला गेला. मुंबईच्या इतिहासात एका ओळीत येऊन जाणारा हा सुलतान या समुद्रात बुडाला. तटावर उभं राहून खाली पाणी बघताना ती ओळ फार जड झाली.

पुढे १५३८ मध्ये तुर्की आरमाराने वेढा घातला, १५४६ मध्ये गुजरातच्या फौजेने. दुसऱ्या वेढ्यात तट पार खिळखिळे झाले. हा वेढा मोडायला गोव्याहून आलेल्या पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रोकडे किल्ला पुन्हा बांधायला पैसा नव्हता. त्याचा मुलगा याच वेढ्यात मेला होता. मुलाच्या अस्थी गहाण ठेवाव्यात असं त्याच्या मनात आलं, पण ते शक्य नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच्या दाढीचे केस तारण म्हणून गोव्याच्या नगरसभेकडे धाडले आणि कर्ज मागितलं. गोव्याने पैसे दिले आणि केसही परत केले. आक्रमक असो वा बचाव करणारा, बापाच्या मनात आलेला तो पहिला विचार वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

तोफा तटावर अजून पडून आहेत, काही ब्राँझच्या, त्यांवर मुकुट आणि अक्षरं. इथली सर्वात नावाजलेली तोफ मात्र इथे नाही. बहादूरशहाच्या काळात १५३३ मध्ये ओतलेली, अरबी लेख असलेली ती अजस्र तोफ पोर्तुगीजांनी नेली आणि आज ती लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात आहे. दीवच्या वस्तू अशा विखुरल्यात, म्हणूनही सेंट थॉमसमध्ये जे उरलंय त्याचं मोल वाटतं.

दुपार विश्रांतीत घालवली. संध्याकाळी चक्रतीर्थाकडच्या रस्त्यावर खुकरी स्मारकाला गेलो, आणि तारीख होती ९ डिसेंबर. १९७१ च्या युद्धात याच तारखेला रात्री पाकिस्तानी पाणबुडीने आय.एन.एस. खुकरी दीवसमोरच्या समुद्रात बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. टेकाडावर, समुद्राकडे तोंड करून जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. समोरचा समुद्र हीच त्या नौसैनिकांची दफनभूमी, हे कळूनही माणसं तिथे मोठ्याने बोलत होती. मावशींनी जपमाळ काढली. मैत्रीण आणि मी त्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो.

याच नावाची पुढची युद्धनौका सेवेतून निवृत्त झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये दीव प्रशासनाकडे संग्रहालयासाठी सोपवली गेली. दोन्ही खुकरींची माहिती घेऊन मगच स्मारकावर जा, नाहीतर तिथे दिसणारं फारसं काही हाती लागत नाही.

नागोआच्या किनाऱ्याबद्दल मी लिहीत नाही. तो सुंदर आहे, गर्दीचा आहे आणि त्याची माहिती कुठेही मिळते. फक्त तिथल्या वाटेवरची होका झाडं जरूर बघा. ताडाच्या कुळातलं झाड, पण खोडाला फांद्या फुटतात. आपल्या डोळ्यांना ताडाला फांद्या बघायची सवयच नाही.

१० डिसेंबर : नायडा, आणि पुन्हा एकदा संग्रहालय

सकाळी नायडाच्या गुहा. शहराच्या तटाबाहेर, झांपा दरवाज्यापासून जवळच. पोर्तुगीजांनी बांधकामासाठी दगड काढला, त्यातून हे तयार झालं असं सांगतात. आत चौकोनी कापलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंती, वर छिद्रं, त्यांतून झाडांची मुळं लोंबतात आणि उन्हाचे तिरपे झोत खाली येतात. पिवळसर चुनखडीचा तोच दगड तटबंदीत आणि शहराच्या जुन्या घरांत दिसतो. एक शहर कुठून आलं, याची जागा एवढ्या स्पष्टपणे क्वचितच बघायला मिळते. आत मोबाइलचा टॉर्च लागतो. पावसाळ्यात किंवा ओल असताना जाऊ नये, जमीन निसरडी होते. आम्ही पोचलो तेव्हा फोटो काढणाऱ्यांची गर्दी व्हायची होती, त्यामुळे अर्धा तास निवांत मिळाला.

परतताना जुन्या वस्तीतून चालत आलो. निळी, गुलाबी, पिवळी घरं, लाकडी सज्जे, दारावर नक्षी. बऱ्याच दारांना कुलूप. एका ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या काकांनी सांगितलं, मालक दिवाळीत येतात, रंग लावून जातात, मग पुन्हा वर्षभर बंद. सेंट पॉलमधल्या आजी आठवल्या.

गाडी दुपारची होती. तासभर हाताशी होता आणि मावशी म्हणाल्या, "एकदा परत जाऊ या का?" कुठे, हे विचारावं लागलं नाही.

पहारेकरी काकांनी आम्हाला ओळखलं. या वेळी मावशी एकेका मूर्तीपाशी जाऊन नाव सांगत होत्या आणि काका मागे मागे येत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बेन, आ कोण छे? लोको मने पूछे छे, मने खबर नथी." येणारी माणसं विचारतात, तेव्हा काय सांगावं कळत नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी टेबलावरची वही आणली. मावशी सांगत होत्या, मैत्रीण हिंदीत करून देत होती, काका गुजरातीत लिहीत होते. दारापासून डावीकडून पहिली, दुसरी, तिसरी. ज्यांची खात्री नव्हती तिथे मावशींनी लिहूच दिलं नाही. "अंदाजाने सांगायचं नाही. उद्या कुणी तरी खरं समजून जाईल," त्या म्हणाल्या. काकांनी त्या ओळी कोऱ्या सोडल्या.

ही कामं खरं तर संग्रहालयाच्या व्यवस्थेची आहेत. प्रत्येक मूर्तीशेजारी तीन भाषांत चार ओळींची पाटी, कुठल्या चर्चमधून आली ते लिहिलेलं, आणि किडे व दमट हवा यांच्यापासून सांभाळण्याची थोडी सोय, एवढं झालं तर हे ठिकाण पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम छोट्या संग्रहालयांत गणलं जाईल. वस्तू तिथे आहेतच. त्यांच्याविषयी बोलणारं कुणी हवंय. वसईच्या तरुण अभ्यासकांपैकी कुणी तरी इथे येऊन महिनाभर राहावं, मूर्ती मोजाव्यात, फोटो घ्यावेत, वसई आणि गोव्यातल्या मूर्तींशी ताडून पाहाव्यात, असं फार वाटलं.

निघताना घोघल्याजवळ गाडी थांबवली. बांबूच्या काठ्यांवर दोरीने टांगलेले बोंबील दूरपर्यंत वाळत होते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून टांगायची पद्धत थेट अर्नाळ्यासारखी. मावशींनी वास घेतला, एक मोडून पाहिला, "वाळलाय नीट," म्हणाल्या आणि घेतले. ते गाडीत न्यायचे असतील तर आधी वर्तमानपत्रात, मग दोन जाड पिशव्यांत घट्ट बांधा, नाहीतर डब्यातले सगळे प्रवासी रात्रभर आपल्याला लक्षात ठेवतील.

पुढची तारीख मावशींनी वेरावळ स्टेशनवरच सांगून टाकली. १ नोव्हेंबरची मिस्सा, सेंट थॉमसमध्ये. त्या दिवशी तिथे गर्दी होते, तेव्हा कुणाला यायचं असेल तर राहायची खोली ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच ठरवा, आणि ती मिस्सा दर वर्षी असतेच असं गृहीत न धरता सेंट पॉलमध्ये आधी विचारून घ्या.